दोरीचं दुसरं टोक

शिवम्मानं माठावरचं झाकण काढलं आणि काठापासून खाली वीत लावून पाहिली. पाणी काल होतं तिथंच. एक वीत आणि दोन बोटं. तिनं पुन्हा मोजलं. परवाही एक वीत आणि दोन बोटंच होती.

श्रावण अर्धा सरला होता आणि लातुरात पावसाचा पत्ता नव्हता. हे सलग दुसरं वर्ष. नळाला आठ दिवसांनी करंगळीएवढी धार यायची आणि टँकरपाशी भल्या घरच्या बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. अशा दिवसांत माठातलं पाणी कमी होत नाही म्हटल्यावर घरच्या बाईनं खरं तर देवाला हात जोडायचे. शिवम्मानं मात्र तिसऱ्यांदा वीत लावली.

कारण हा माठ एकट्या मन्मथचा होता. बाकीच्यांसाठी रांजण होता. ह्या माठाला तिच्या नवऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा शिवम्माचा कायदाच होता. मन्मथला तीन वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ गोळी चालू होती, ती तो आपल्या हातानंच घ्यायचा. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘ह्या औषधानं तहान फार लागेल. लागली की प्यायचंच. पाणी कमी पडलं तर हेच औषध अंगावर उलटेल.’ तेव्हा शिवम्माला हसू आलं होतं. ‘डॉक्टरसाहेब, लातूरच्या माणसाला पाणी प्या म्हणून सांगूलालाव तुम्ही!’ पण हसून झाल्यावर दोन उन्हाळे ती टँकरच्या रांगेत सगळ्यांच्या आधी घागर ठेवत आली होती. मन्मथ दिवसाकाठी हा माठ अर्धा करायचा. मधे पाणी कमी खपू लागलं, तेव्हा तो दिवसभर कामावर असतो म्हणून तिनं मनावर घेतलं नव्हतं; आणि आता तीन दिवस पाणी जागचं हललेलं नव्हतं. तहान नाही म्हणजे गोळी नाही. हा हिशोब समजायला शाळा शिकावी लागत नाही.

“बगितलंस का गं शिवम्मा?” ओसरीवरून सासूचा आवाज आला. नागम्मा कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढत बसली होती आणि तिचा चेहरा सणासारखा फुलला होता. “पहाटे तीनलाच उठून पूजा आटपली माझ्या लेकानं. अंगण झाडलं, शेजारच्या दोघांची दारं रंगवली, आन गेला बी कामावर. आठ दिस झाले, पाठ टेकली न्हाई त्यानं. शिवानं कृपा केली बग. हत्तीचं बळ दिलं!”

आता ह्या माउलीला तरी काय म्हणावं? पहाटे उठून गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन तास तास बसणारा मुलगा आजारी आहे, असं कोणती लिंगायत आई म्हणेल? सगळी गल्ली तेच म्हणत होती. मन्मथवर शिव प्रसन्न झाला, लातूर नवा जिल्हा झाला आणि पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं नशीब उघडलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही म्हण कुणी काढली असेल ती शिवम्माच्याच जातकुळीतली बाई असणार.

“हाव, अव्वा,” एवढंच म्हणून ती आतल्या खोलीत गेली.

खुंटीवर दोरी होती. सुताची, वीस फूट लांब, एका टोकाला खडूच्या पुडीची थैली बांधलेली. पाटीवर अक्षर काढण्याआधी ही दोरी पुडीत घोळायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, एकानं मोकळ्या हातानं चिमटीत उचलून सोडून द्यायची. फट्! पत्र्यावर सरळ पांढरी रेघ उठते, मग तिच्यावर अक्षरं बसवायची. खिळा ठोकून एकट्यालाही जमतं, पण मन्मथच्या उस्तादांना ते खपत नसे. गंजगोलाईतल्या त्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर उर्दूत आणि मराठीत पाट्या रंगवल्या होत्या. ते म्हणायचे, “बेटा, हात झूट बोल्ता. डोरी नै बोल्ती.” लग्न होऊन शिवम्मा मुदखेडहून आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मन्मथनं दोरीचं एक टोक तिच्या हातात दिलं होतं. हळदीचे हात अजून पिवळेच होते. त्याला आता बारा वर्षं झाली. गोळी सुरू झाल्यावर मन्मथच्या हाताला बारीक थरथर आली, तेव्हापासून तो बाहेरची रेघ काढायचा आणि आतला रंग शिवम्मा भरायची. पण दोरी दोघांचीच.

आज त्या दोरीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

शिवम्मानं जाळ्याला बोट लावलं. नव्या कलेक्टर कचेरीचा मोठा बोर्ड सुरू करून आठ दिवस झाले होते, आणि आठ दिवसांत एकदाही ‘शिवे, दोरी धर’ अशी हाक आली नव्हती. तिला वाटलं होतं, सरकारी काम, तिथं बाईमाणसाला कशाला बोलावतील. मनाची समजूत घालायची म्हटली की माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

तिनं दाराआडून छोटी पत्र्याची पाटी काढली. पिवळ्या रंगावर काळी, सुरेख, एका ओळीत बसलेली अक्षरं. मन्मथनंच रंगवलेली.

झोप गेली.
बोलणं थांबत नाही.
घरचं वाटत सुटलो.
दोरी नको वाटते.
ह्यातलं काही दिसलं की शिवम्माचं ऐकायचं.
– मन्मथ पेंटर

चार वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा झालं, तेव्हा कुणालाच काही उमगलं नव्हतं. मन्मथनं गंजगोलाईतल्या निम्म्या दुकानांना फुकट पाट्या रंगवून दिल्या, शिडी एकाला दिली, सायकल दुसऱ्याला दिली आणि एका दुपारी पाण्याच्या टाकीवर चढून पुरुषभर उंचीची अक्षरं काढायला लागला. दोर लावून खाली आणला त्याला. मग बाहेरचं काही असेल म्हणून एका ठिकाणी एकवीस दिवस पायात साखळी. आणि साखळी सुटली तेव्हा जो माणूस घरी आला तो सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ब्रशाकडे बघायचा नाही, बायकोकडे बघायचा नाही. मुदखेड स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारे शिवम्माचे वडील एकदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, “हे बाहेरचं न्हाई, पोरी. आतलं हाय. दवाखान्यात चल.”

डॉक्टरनं तेव्हा एक प्रश्न विचारला होता. “ह्यांच्यात सगळ्यात आधी काय बदललं? झोप, बोलणं ते सगळ्यांचंच बदलतं. ह्यांचं एकट्याचं काय?” शिवम्मा खूप वेळ पदराचं टोक पिळत बसली आणि मग म्हणाली, “मला दोरी धरायला बोलावलं न्हाई.” तिला वाटलं डॉक्टर हसेल. त्यानं ते कागदावर लिहून घेतलं. घरी आल्यावर मन्मथनं त्या कागदाची पाटी केली. ‘तवा मी ऐकणार न्हाई गं,’ तो म्हणाला होता, ‘पण माझं अक्षर तरी ऐकंन.’

शिवम्मानं पाटी पदरात गुंडाळली, दोरी खांद्यावर टाकली आणि निघाली.

कचेरीचा रस्ता लांब नव्हता, पण त्या दिवशी तो संपता संपेना. उद्घाटनाला चार दिवस उरले होते. मंत्री येणार होते. सोलापूरचा एक पेंटर ह्या कामासाठी ओव्हरसियरच्या मागं लागलाच होता. हा बोर्ड धड उभा राहिला तर औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, सगळ्या तालुक्यांच्या पाट्या मन्मथच्याच. ज्याच्या पायात गावानं साखळी पाहिली, त्याच्या हातचं नाव गावाच्या कपाळावर लागणार होतं. थांबवलं तर बोर्ड जातो. नाही थांबवलं तर माणूस जातो. शिवम्माच्या मनात यात तोलून बघण्यासारखं काही नव्हतं, तरीही तिचे पाय जड झाले होते. पाच माणसांत नवऱ्याचा हात धरायचा म्हणजे गंमत नव्हे.

कचेरीच्या आवारात जत्राच भरली होती. अठरा फुटी निळा पत्रा दोन बांबूंच्या आधारानं उभा होता आणि त्याच्यापुढं फळीवर मन्मथ. एका हातात ब्रश, दुसरा हात हवेत, तोंड चालूच. समोर धोंडप्पा हॉटेलवाला किटली घेऊन उभा होता, आणि बांधकाम खात्याचे ओव्हरसियर शेषेराव कमरेवर हात ठेवून कौतुकानं बघत होते.

“आली! बघा, बघा, ही माझी शिवम्मा!” मन्मथ ओरडला. “धोंडप्पा, हिला चहा दे. सगळ्यांनाच दे. आजपासून लातुरात चहा फुकट! जिल्हा झालाय आपला, काय चेष्टा हाय? साहेब, तालुक्यांचे बोर्ड आठ दिवसांत देतो. मग नांदेड, मग परभणी. ह्या आभाळाचा पत्रा खाली आणून द्या, पाऊस रंगवतो त्याच्यावर!”

लोक हसले. कुणी टाळी दिली.

“बाई, तुमचा नवरा माणूस न्हाई, मशीन हाय,” शेषेराव म्हणाले. “आठ दिवसांत थकला म्हणून न्हाई.”

“तेच तर हाय ना, साहेब,” शिवम्मा म्हणाली. ते काय ते शेषेरावांना कळलं नाही.

ती मागं मागं चालत फाटकापाशी गेली आणि तिथून तिनं बोर्ड पाहिला. अक्षरं दृष्ट लागण्यासारखी होती. पांढरीशुभ्र, गोलाईदार. जवळून पाहणाऱ्याला भूल पडावी अशी. पण ‘जिल्हाधिकारी’पासून निघालेली ओळ हळूहळू वर चढत गेली होती, प्रत्येक अक्षर आधीच्याहून थोडं मोठं, आणि शेवटचं ‘लातूर’ वरच्या कडेला जाऊन टेकलं होतं. जवळ उभ्या राहिलेल्या पन्नास माणसांत कुणाला ते दिसलं नव्हतं.

ती परत आली. पदरातली पाटी काढून तिनं वर दिली.

मन्मथनं ती हातात घेतली आणि मोठ्यानं वाचली, अगदी शेवटच्या नावापर्यंत. मग तो खो खो हसला.

“काय मेल्यागत अक्षर काढलंय! हा कोण मन्मथ पेंटर? मी तर वळखत न्हाई ह्याला.” त्यानं पाटी धोंडप्पाच्या किटलीवर नेऊन ठेवली. “घे, झाकण कर.”

पुन्हा हशा पिकला. शिवम्माच्या कानाच्या पाळ्या तापल्या. धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं एकदा वाटलं. पण दुष्काळात लातूरची धरणी इतकी भेगाळली होती की घ्यायचंच असतं तर तिनं कधीच घेतलं असतं. ही वेळ निभावायची होती ती उभ्यानंच.

तिनं खांद्यावरची दोरी काढली.

“दोरी धरा.”

“दोरी आंधळ्याला लागते, शिवे. रेघ माझ्या डोळ्यात हाय.”

“मग तर बरंच झालं,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “धरा टोक, आन दावा की सगळ्यांला. दोरी चुकते का तुमी चुकताव, बगू द्या गावाला.”

हे बोलणं त्याच्या मिजाशीला बरोबर लागू पडलं. “असं म्हणतीस? आण!” त्यानं एका उडीत फळीच्या त्या टोकाला जाऊन दोरी ‘लातूर’च्या बाजूला अंगठ्यानं दाबली. शिवम्मा फळीच्या अलीकडच्या टोकाला चढली. तिनं आपलं टोक ‘जि’च्या पायाशी धरलं. मन्मथनं पत्र्याच्या खालच्या कडेपासून वितीनं माप घेऊन आपला अंगठा हलवला. ते माप त्यानं नीट घेतलं. बारा वर्षांची सवय, ती कुठं जाते?

“मारू?”

“मार!”

फट्!

निळ्या पत्र्यावर पांढरी रेघ उठली. शिवम्माच्या बाजूला ती अक्षराच्या पायाला चिकटलेली होती. मधे बोटभर सुटली. मन्मथच्या बाजूला ‘लातूर’ रेघेच्या कितीतरी वर, हवेत लोंबत राहिलं होतं.

मन्मथनं मान तिरकी करून रेघ पाहिली.

“ढिली धरलीस तू,” मन्मथ म्हणाला.

“पुन्ना धरा.”

फट्! दुसरी रेघ पहिलीवरच बसली.

मन्मथनं हात पुढं केला. रेघ आणि ‘लातूर’ यांच्यामधल्या जागेत त्यानं बोटं आडवी लावून पाहिली. एक, दोन, तीन, चार. चारी बोटं मावली. तो हात त्यानं तिथून काढला नाही. पत्र्यावर तळवा ठेवून तो तसाच उभा राहिला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचं तोंड बंद झालं. आवारात टँकरचा भोंगा लांबून ऐकू येत होता. शिवम्मानं आपल्या टोकावरचा अंगठा उचलला नव्हता. उचलला तर काहीतरी सुटेल अशी तिला भीती वाटत होती.

“डोरी नै बोल्ती,” तो पुटपुटला.

मग त्यानं ब्रशाचा हात डोळ्यांपुढं धरला. “बग, शिवे. थरथरत न्हाई. ह्याच्यासाठीच सोडली गोळी. पंधरा दिस झाले. नव्या जिल्ह्याचा बोर्ड, आन हात थरथरला तर लोक काय म्हणतील, असं वाटलं.” त्यानं हात उलटासुलटा करून पाहिला. “हात तर थरथरत न्हाई. मग ओळ कशी गेली गं?”

शिवम्मा अंगठा उचलून फळीवरून त्याच्यापाशी आली. “घरी सांगते,” ती म्हणाली. “आता ब्रश द्या.”

तो देईल की नाही, तेवढ्या एका क्षणावर तिचा सगळा संसार उभा होता. मन्मथच्या बोटांनी ब्रश आवळला. त्यानं बोर्डाकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं, ओठ हलले. सांगायला त्याच्याकडं अजून नांदेड होतं, परभणी होती, आभाळ होतं. मग त्यानं ब्रश फिरवून दांडा तिच्याकडं केला आणि दिला.

“अहो, काय करूलालाव? चार दिवसांवर कार्यक्रम हाय!” शेषेराव पुढं धावले. “थोडं वर गेलं तर गेलं, कोण बगतंय!”

मन्मथ फळीवरून खाली उतरला. पन्नास माणसांपुढं, खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“साहेब, मी आजारी हाय.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. धोंडप्पा किटली आपटून वळला. “ए, दात कामून काढूलालास? बोर्ड वाकडा हाय हे तुला दिसलं होतं का? मला तर न्हाई दिसलं. आठ दिस चहा पाजूलालो इथं उभा राहून. दिसलं ते त्याला!” त्यानं किटलीवरची पाटी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि शिवम्माच्या हातात दिली.

“बोर्डाचं काय पण?” शेषेराव म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

“बोर्ड मिळंल,” मन्मथ म्हणाला. “तीन वर्षं झाली, माझ्या सगळ्या पाट्यांतला रंग हिनंच भरलाय. लोकाला ठावं न्हाई एवढंच. हिच्या हातानं होईल. दोरी मी धरतो.”

हे ऐकून शिवम्माला जे वाटलं ते सांगता येणार नाही. ब्रशाचा दांडा तिच्या मुठीत घामानं ओला झाला होता.

गाडीला ब्रेक लावला म्हणून ती जागच्या जागी उभी राहत नाही, हे स्टेशनमास्तरच्या हाताखाली जन्म घालवलेल्या माणसाच्या मुलीला कुणी सांगायला नको होतं. त्या दुपारी वाकड्या ओळीवर पुन्हा निळा रंग चढवताना मन्मथ तीनदा उठला. एकदा म्हणाला, बोर्ड दुप्पट लांब करू. एकदा म्हणाला, कचेरीची भिंतच रंगवू. एकदा नुसताच रागावला, डोळे लाल, आणि ‘तू मला काय शिकवतीस’ म्हणाला. दर वेळी शिवम्मानं त्याच्या हातात दोरीचं टोक दिलं. दर वेळी तो बसला. तिसऱ्या वेळी बसायला त्याला बराच वेळ लागला, आणि तोवर तिनं आपलं टोक सोडलं नाही.

घरी नागम्माची तोफ तयारच होती. बातमी आधीच पोचलेली.

“देवानं दिलेलं बळ डॉक्टरकडं मोडायला नेऊलालीस व्हय गं? कशी बाई हायस तू?”

शिवम्मा काही बोलायच्या आत मन्मथ उंबऱ्यातच खाली बसला. “अव्वा, ते देवाचं न्हाई,” तो म्हणाला. “देवाचं असतं तर ओळ सरळ आली असती.”

नागम्मानं त्याच्या पायांकडं पाहिलं. चार वर्षांपूर्वी त्याला साखळीपाशी तिनंच नेलं होतं. ते तिच्या डोळ्यांपुढं आलं असेल किंवा नसेल. ती उठली, आत गेली, रांजणातला आपल्या वाटणीचा तांब्या भरून आणला आणि मन्मथच्या माठात ओतला. मग माठाजवळची गोळ्यांची बाटली उचलून तिनं सुनेच्या हातात दिली.

“ही घे. कवा द्यायची ते मला बी सांगून ठेव.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दोघं अंबाजोगाईला गेली. डॉक्टरनं रक्त तपासलं, गोळी पुन्हा बांधून दिली, झोपेचं औषध दिलं आणि शिवम्मानं बरोबर नेलेली पिवळी पाटी बराच वेळ हातात धरून पाहिली. “ह्या वेळी कुणी ओळखलं?” त्यानं विचारलं. शिवम्मानं नवऱ्याकडं बोट दाखवलं, नवऱ्यानं तिच्याकडं.

तिसऱ्या दिवशी मन्मथ कचेरीच्या आवारात स्टुलावर बसून होता, डोळे औषधानं जड, अंगावर शाल. त्यानं दोरी धरली. हात आता पुन्हा थरथरायला लागला होता. पण ताणून अंगठ्याखाली दाबलेल्या दोरीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. फट्, आणि रेघ सुतासारखी सरळ. शिवम्मानं पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाहेरची रेघसुद्धा स्वतःच्या हातानं काढली. तो खालून सांगत होता, “जराशी डावीकडं. आणिक एक बोट. हां. आता मोकळी सोड.” मधेच डुलकी लागायची, डोळा उघडला की पुन्हा, “हां, मोकळी सोड.” चौथ्या दिवशी रंग भरून झाला. शेषेराव फाटकापर्यंत मागं जाऊन बघून आले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि त्यांनी शिवम्माला हात जोडले.

पाचव्या दिवशी सकाळी कचेरीकडून बँड ऐकू यायला लागला. कर्ण्यावर कुणीतरी घसा साफ करत होतं. गल्लीतली पोरं झेंडे घेऊन पळाली. इतक्यात धोंडप्पा धापा टाकत दारात आला.

“मन्मथ कुठाय? अहो, चला लवकर! पडदा काढला, लोकांनी काय टाळ्या पिटल्या! मोठे साहेब विचारूलालेत, बोर्ड कुणी केला म्हणून!”

ओसरीवर नागम्मा पाय पसरून बसली होती, पहाऱ्याला बसावं तशी. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल. झोपलाय.”

“झोपलाय? आज?”

“आज,” नागम्मा म्हणाली. “रात्री जेवून जो पडलाय तो अजून उठला न्हाई. मधी एकदा उठला, पाणी पिला, पुन्हा झोपला. शिवाची कृपा हाय बाबा. जा, कर्ण्याचं तोंड तिकडं करायला सांग.”

धोंडप्पा वहाणा काढून ओसरीवर चढला. त्यानं आत डोकावून शिवम्माकडं पाहिलं. “वैनी, कोपऱ्यात पेंटरचं नाव न्हाई, ते बी विचारूलालेत.”

“उठू द्या त्यांना,” शिवम्मा म्हणाली. “दोघं येऊन घालताव. दोरी मारून.”

तो गेला. कर्ण्यावर नव्या जिल्ह्याचा जयजयकार सुरू झाला, इतका मोठा की खिडकीचं तावदान थरथरलं. आतल्या खोलीत मन्मथनं कूस बदलली, घशात घर्र आवाज केला आणि तो पुन्हा घोरायला लागला. शिवम्मा दाराशी उभी राहून ते घोरणं ऐकत राहिली, नवी नवरी सनई ऐकते तसं. मग ती माठापाशी गेली. झाकण काढून काठापासून खाली वीत लावली, आणि वीत पुरली नाही म्हणून दुसरी लावली. माठ निम्म्याखाली गेला होता.

त्या दुष्काळात पाणी कमी झालं म्हणून तोंडाला पदर लावून आनंदानं रडलेली सगळ्या लातूर जिल्ह्यात ती एकटीच बाई असेल.